हॉर्मोनचा रिपोर्ट आला, आता तो वाचायचा कसा

रिपोर्टची पीडीएफ आली की पहिलं काम म्हणजे आकडे बघायचेच नाहीत. खरंच सांगतो. आधी वरचा कोपरा बघायचा, जिथे नाव, वय, लिंग आणि सॅम्पल किती वाजता घेतलं ते बारीक अक्षरात छापलेलं असतं, कारण खालच्या सगळ्या आकड्यांचा अर्थ त्या चार ओळींवर ठरतो आणि नेमक्या त्याच ओळी कोणी वाचत नाही.

हे लिहायला बसलो त्याचं कारण सिन्नरची एक मुलगी. मला दादा म्हणते, एस्ट्रोजेन सुरू करून तिला पाच महिने झाले होते, आणि एका रात्री साडेअकराला तिचा मेसेज, "दादा रिपोर्ट आला, सगळं लाल आहे, मी मरणार का." सोबत तीन पानांची पीडीएफ आणि त्यात सात ठिकाणी लाल अक्षरात एच (हाय, म्हणजे जास्त) नाहीतर एल (लो, म्हणजे कमी). मी नाशिकचा ट्रान्स पुरुष, टेस्टोस्टेरॉनवर सहावं वर्ष चाललंय. डॉक्टर नाही, लॅबवाला तर अजिबात नाही, पण इतक्या वेळा सुई टोचून घेतलीय आणि इतक्या जणांचे रिपोर्ट डोळ्याखालून गेलेत की कुठे घाबरायचं आणि कुठे नाही हे थोडंफार कळायला लागलंय. तिच्या सात लाल अक्षरांपैकी चार नुसती बिनकामाची होती, दोन अर्धी खरी होती आणि एकच असं होतं की ज्यासाठी रात्रीच डॉक्टरला मेसेज टाकायला लावला. तिला विचारूनच तिचाच रिपोर्ट धरून सांगतो, म्हणजे नीट कळेल.

आधी ती बिनकामाची चार. हिमोग्लोबिन १२.३, खाली एल. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, ३७, एल. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी तपासायचा आकडा, ०.६८, एल. टेस्टोस्टेरॉन ३८, एल. आता लॅबचं सॉफ्टवेअर काय करतं, तर लिंगाच्या रकान्यात एम दिसलं की पुरुषांची रेंज लावतं, एफ दिसलं की बायकांची, आणि आकडा त्याबाहेर गेला की लाल. त्याला पुढचं काही कळत नाही. हिच्या आधारवर अजून एम आहे, फॉर्मवर तेच भरलं, मग सॉफ्टवेअर म्हणणार की या पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन कमी आहे. अरे ते कमी करायलाच तर ती गोळ्या घेतेय! ट्रान्स बायकांसाठी एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असावं असंच दिलंय, म्हणजे ३८ हा पास झालेला पेपर आहे आणि त्यावर लाल शेरा मारलाय.

हिमोग्लोबिनचंही तसंच. साधारण धरून चाला, बायकांचं १२ ते १५, पुरुषांचं १३ ते १७. पीसीव्ही, ज्याला काही रिपोर्टवर हिमॅटोक्रिट लिहितात, ते बायकांचं ३६ ते ४६ आणि पुरुषांचं ४० ते ५० च्या आसपास. लॅबगणिक थोडं इकडे तिकडे होतं. हे दोन्ही आकडे तुमचं आधार काय म्हणतं त्याच्या मागे जात नाहीत, अंगात कुठलं हॉर्मोन चालू आहे त्याच्या मागे जातात. टेस्टोस्टेरॉन वाढलं की हाडांतल्या मज्जेला लाल पेशी जास्त बनवायचा हुकूम जातो, कमी झालं की तो हुकूम ढिला पडतो. त्यामुळे पाच महिने एस्ट्रोजेनवर असलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन १३.९ वरून १२.३ ला आलं तर ते तिच्या नव्या घरी गेलंय, आजारी पडलेलं नाही. क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून, स्नायू थोडे उतरले की तोही उतरतो.

आमच्यात हेच उलट होतं. माझा पहिल्या वर्षीचा रिपोर्ट, फॉर्मवर एफ, हिमोग्लोबिन १६.१ एच, पीसीव्ही ४८ एच. एका डॉक्टरनं, नाव घेत नाही, ते लाल बघून मला महिनाभर इंजेक्शन बंद करायला लावलं, आणि त्या महिन्यात माझी पाळी परत आली. ज्याला कळायचं त्याला कळलं असेल तो महिना कसा गेला. पुरुषांच्या रेंजमध्ये बघितलं असतं तर ४८ ला कोणी हात लावला नसता.

म्हणून सोपी गोष्ट, काउंटरवर सांगायचं की दोन्ही रेंज छापा. काही ठिकाणी करतात, काही ठिकाणी "सिस्टीममध्ये नाही बसत" म्हणतात. नाही बसलं तर वरचे आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि स्वतः ताडून बघा. आणखी एक, ज्या नावानं आणि ज्या लिंगानं पहिल्यांदा फाइल उघडली त्याच फाइलवर पुढचे रिपोर्ट काढा. एकदा आधारवरचं नाव, एकदा आवडीचं नाव, एकदा एम, एकदा ओ (अदर), असं केलं की मागचे रिपोर्ट शेजारी शेजारी दिसत नाहीत आणि तुलनाच मरते. कलेक्टर ऑफिसचं ट्रान्सजेंडर सर्टिफिकेट आलं आणि आधार बदललं, तर लॅबला जुना पेशंट नंबर सांगून जोडून घ्या.

फाइलवरचा मोबाईल नंबरही तेव्हाच तपासा. माझा एक रिपोर्ट सरळ पप्पांच्या व्हॉट्सॲपला गेला होता, कारण कधीकाळी डेंग्यूची टेस्ट केली तेव्हा त्यांचा नंबर दिलेला. पप्पांनी तो उघडला, त्यांना टेस्टोस्टेरॉन शब्द वाचता आला, आणि संध्याकाळी जेवताना जे झालं ते दुसऱ्या लेखाचा विषय आहे.

आता वेळ. माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आकड्याला घड्याळ असतं. तुमचं एस्ट्राडिओल, म्हणजे रक्तात मोजतात ते मुख्य एस्ट्रोजेन, ४१२ आहे हे अर्धंच वाक्य झालं, पूर्ण वाक्य असं की गोळी घेतल्यानंतर इतक्या तासांनी ४१२ आहे. सिन्नरवालीचं नेमकं ४१२ आलं होतं, पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, लाल एच. गाइडलाइन ट्रान्स बायकांना १०० ते २०० सांगते. मग दुप्पट झालं का? मी विचारलं गोळी कधी घेतलीस, तर म्हणाली सकाळी बसमध्ये बसताना जिभेखाली ठेवली आणि नाशिकला उतरून सरळ लॅबमध्ये गेले. सिन्नर ते सीबीएस, तासभर. म्हणजे गोळी जेव्हा रक्तात ऐन भरात होती तेव्हाच बाईंनी हात पुढे केला! जिभेखाली ठेवलेली एस्ट्राडिओलची गोळी रक्तात भरभर चढते आणि काही तासांत तशीच भरभर उतरते. गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर रामकुंडावर दुतोंड्या मारुतीपर्यंत आलेलं पाणी बघून कोणी म्हणालं की गोदावरी बारा महिने इतकीच असते, तर आपण हसू ना, तसंच आहे हे.

गिळायची गोळी जरा सावकाश चढते आणि सावकाश उतरते, पण तिलाही वेळ आहेच. मग टेस्ट कधी करायची? बरेच डॉक्टर पुढच्या डोसच्या आधी करायला सांगतात, काही जण गोळीनंतर चार ते सहा तासांनी सांगतात. तुमचे डॉक्टर जे म्हणतील ते, पण दर वेळी तेच. एकदा रिकाम्या वेळी आणि एकदा भरलेल्या वेळी केली तर दोन रिपोर्टमधला फरक तुमच्या शरीराचा नाही, घड्याळाचा आहे.

इंजेक्शनवाल्यांना तर हे आणखी लागू. सस्टेनॉन किंवा एनान्थेट ही टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दोन-तीन आठवड्यांनी घेणारे आम्ही, सुई घेतल्यावर पहिले दोन-चार दिवस आकडा डोंगरावर आणि शेवटच्या दिवसांत दरीत. माझंच सांगतो, एकदा इंजेक्शनच्या तिसऱ्या दिवशी केली तेव्हा १,३४० आलं. पुढच्या वेळी चौदाव्या दिवशी, इंजेक्शनच्या सकाळी, २९०. औषध तेच, डोस तोच, माणूस तोच. गाइडलाइन म्हणते की दोन इंजेक्शनच्या बरोबर मध्ये मोजा आणि ४०० ते ७०० च्या दरम्यान बघा, नाहीतर वरचं टोक आणि खालचं टोक दोन्ही मोजा आणि दोन्ही पुरुषांच्या साधारण रेंजमध्ये, म्हणजे ३२० ते १,००० मध्ये बसतात का ते बघा. माझं दोन्हीकडे बाहेर जात होतं, म्हणून डॉक्टरांनी एकूण औषध तेवढंच ठेवून छोटे डोस लवकर लवकर दिले. डोंगर बुटका झाला, दरी भरली, आणि इंजेक्शनच्या आधीचे तीन दिवस मी घरात सगळ्यांवर भुंकायचो ते बंद झालं. हे आईनं सांगितलं, मला स्वतःला कळलं नव्हतं.

बारा आठवड्यांनी घ्यायचं टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या लगेच आधी मोजतात आणि ४०० च्या खाली आलं तर अंतर कमी करतात. टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांनी आठवडाभर रोज लावून झाल्यावर, आणि त्या दिवशी लावल्यानंतर किमान दोन तास सोडून. जेलचं अजून एक, मग ते टेस्टोस्टेरॉनचं असो की एस्ट्राडिओलचं, ज्या हातातून रक्त काढणार त्या हाताला लावू नका. कातडीवर राहिलेलं जेल सुईबरोबर नळीत गेलं तर आकडा कुठच्या कुठे जातो आणि तुम्ही, डॉक्टर, लॅब सगळे डोकं धरून बसता. त्या दिवशी मांडीला लावा, किंवा टेस्ट झाल्यावर लावा.

आता युनिट. हे पटकन सांगतो, पण चुकलं तर फजिती होते. आपल्याकडे एस्ट्राडिओल बहुतेक पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये येतं. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची मंडळी इंटरनेटवर पिकोमोलमध्ये बोलतात, आणि १ पिकोग्रॅम म्हणजे जवळपास ३.६७ पिकोमोल. त्यांचं ५०० म्हणजे आपलं १३६. तिकडच्या कोणाचं ५०० वाचून आपल्या १४० ला रडणाऱ्या दोन मुली मला माहितीयेत, आणि त्यातल्या एकीनं स्वतःच्या मनानं गोळ्या वाढवल्या होत्या. टेस्टोस्टेरॉन आपल्याकडे कधी नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर येतं, कधी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, त्यात शंभरपट फरक. ५.२ आलं म्हणून घाबरू नका, युनिट मिलिलिटर असेल तर ते ५२० आहे. आणि नॅनोमोलमध्ये असेल तर २८.८ नं गुणा.

आता प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हॉर्मोन, तिच्या रिपोर्टवरचं दुसरं अर्धं खरं अक्षर. ३४, एच. एस्ट्रोजेननं प्रोलॅक्टिन थोडं वाढतंच, टेस्टोस्टेरॉन पाडायची सायप्रोटेरोन गोळी घेणाऱ्यांचं जास्त वाढतं. पण त्याशिवाय ते फार नाजूक प्रकरण आहे. झोप झाली नाही, धावत पळत आलात, सुईची भीती वाटली, तरी वाढतं. आणि एक कारण असं आहे की जे मला एंडोनं, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरनं, सांगेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं, ते म्हणजे ॲसिडिटीची कॅप्सूल. पँटोप्राझोल नाहीतर रॅबेप्राझोलसोबत डॉम्पेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड घातलेल्या कॅप्सूल मेडिकलवर चणे-फुटाण्यासारख्या मिळतात, आणि ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वर ढकलतात. आपल्या गावात रविवारी सकाळी तर्री मारून मिसळ आणि दुपारी ॲसिडिटीची कॅप्सूल हा निम्म्या लोकांचा नेम आहे. तीही त्यातलीच, गेले पंधरा दिवस रोज एक चालू होती. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही, उदाहरणार्थ रिस्पेरिडोन, प्रोलॅक्टिन बरंच वाढतं, पण ती औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत, फक्त डॉक्टरला सांगायची.

मग तिनं काय केलं, तर एंडोला विचारून कॅप्सूल थांबवली, आठवड्यानं सकाळी लॅबमध्ये जाऊन अर्धा तास शांत बसली, मग रक्त दिलं, २१. संपला विषय. पण प्रोलॅक्टिन खूपच जास्त असेल, आणि सोबत सतत डोकं दुखणं किंवा नजरेला कडेचं धूसर दिसणं असेल, तर वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं. सायप्रोटेरोन मोठ्या डोसमध्ये वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये मेंदूच्या आवरणाच्या गाठीचा, मेनिंजिओमाचा धोका वाढतो हे आता पक्कं झालंय, युरोपच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये त्यावर बंधनं आणली. आजकाल ट्रान्स बायकांना १० मिलिग्रॅमच्या आसपासच देतात. तुम्ही अजून ५० ची अख्खी गोळी रोज घेत असाल तर हा मुद्दा पुढच्या भेटीत काढाच.

आता ते सातवं. पोटॅशियम ५.६, एच.

हे मात्र एम-एफचं नव्हतं, घड्याळाचं नव्हतं. ती टेस्टोस्टेरॉन अडवायला स्पायरोनोलॅक्टोन घेते, आपल्याकडे अल्डॅक्टोन म्हणून ओळखतात ते. हे मुळात बीपी आणि सुजेचं औषध, लघवी वाढवतं, आणि पोटॅशियम अंगात धरून ठेवतं. पोटॅशियमची साधारण रेंज ३.५ ते ५ च्या आसपास. ५.५ च्या पुढे गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं, ६ च्या पुढे असेल किंवा छातीत धडधड, हातापायात ताकद नसल्यासारखं वाटत असेल तर सरळ हॉस्पिटल, रात्र असो की दिवस. पोटॅशियम बिघडलं तर हृदयाच्या ठोक्यांची लय चुकते, म्हणून इथे "बघू सकाळी" चालत नाही. तिला मी पहिलं हेच विचारलं की धडधडतंय का. ती म्हणाली रिपोर्ट बघून धडधडतंय. मग नीट विचारलं, तसं काही नव्हतं. रात्रीच क्लिनिकच्या नंबरवर मेसेज, सकाळी आठला डॉक्टरांचाच फोन आला.

एक शक्यता अशी असते की रक्त काढताना किंवा नळी नेता-आणताना पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं जास्त दिसतं, रिपोर्टखाली कधी "हिमोलाइज्ड" लिहिलेलं असतं. त्यामुळे लगेच दुसरं सॅम्पल घेतलं. ५.४. म्हणजे जास्त होतंच. मग डॉक्टरांनी जेवणाखाण्याची चौकशी केली आणि सापडलं काय, तर मीठ. तिच्या वडिलांना बीपी, म्हणून आईनं घरात लो सोडियम मीठ आणलेलं, सगळ्यांच्या भाजीत तेच. लो सोडियम म्हणजे सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं मीठ! वर उन्हाळा म्हणून रोज शहाळ्याचं पाणी, तेही पोटॅशियमनं भरलेलं. मीठ बदललं, शहाळं बंद, गोळीचा डोस डॉक्टरांनी कमी केला, आठवड्यानं ४.६. त्यांनी वडिलांचंही मीठ बदलायला सांगितलं, कारण वडील बीपीची जी गोळी घेतात तिनंही पोटॅशियम वाढतं. म्हणजे बघा, पोरीच्या हॉर्मोन रिपोर्टमधून बापाचं निघालं. बाप अजून तिच्याशी धड बोलत नाही, पण मीठ बदललंय.

स्पायरोनोलॅक्टोनबद्दल अजून एक. ते टेस्टोस्टेरॉन कमी करण्यापेक्षा त्याला शरीरात कामच करू देत नाही. त्यामुळे कोणाकोणाचा आकडा ८०-१०० राहतो आणि तरी अंगावर बदल नीट दिसत असतात. तेव्हा आकड्यापेक्षा आरसा बघून डॉक्टरशी बोला. उलट सायप्रोटेरोन आणि ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं आकडाच पाडतात, फक्त ल्युप्रोलाइडनं पहिले दोन-तीन आठवडे टेस्टोस्टेरॉन आधी उसळी मारतं, मग पडतं. त्या आठवड्यांत टेस्ट करून घेतली तर उगाच रडारड.

आम्हा मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा टेस्टोस्टेरॉन नाही, पीसीव्ही आहे. हे मी जिममधल्या पोरांना सांगून थकलो. सगळे "माझं ८००, तुझं किती" यात अडकलेले. पीसीव्ही ५४ च्या पुढे गेलं की रक्त दाट झालं, गुठळीचा धोका, मग डोस, अंतर, बाकीची कारणं सगळं डॉक्टरला तपासावं लागतं. सिगारेटनं वाढतं, झोपेत घोरून श्वास अडकणाऱ्यांचं वाढतं, आणि पाणी कमी पिऊन मे महिन्यात भर उन्हात सातपूरहून बाइकवर लॅबमध्ये गेलात तरी वाढलेलं दिसतं. म्हणून ५१-५२ आलं की घाबरण्याआधी दोन दिवस नीट पाणी पिऊन परत करा, पण ५४ च्या वर असेल तर परत करायचं की काय ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही. रक्तदान करून उतरवू का असं विचारणारे असतात, तेही डॉक्टरलाच विचारा. क्रिएटिनिन जिमवाल्यांचं जास्त येतं, स्नायू वाढलेत म्हणून किंवा क्रिएटिनची पावडर चालू आहे म्हणून, तेव्हा पावडर घेतो हे लपवू नका.

आणि एस्ट्राडिओल शून्य करायच्या मागे लागू नका. पाळी बहुतेकांची काही महिन्यांत थांबते, ती थांबलीय का हे आकड्यापेक्षा जास्त सांगतं. पाळी थांबली म्हणजे दिवस जात नाहीत असं मात्र नाही, टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

बायोटिन. केस गळतात म्हणून गमी खाता ना, गोड, अस्वलाच्या आकाराच्या? त्यात बायोटिन असतं, कधी ५ तर कधी १० मिलिग्रॅम. काही लॅब मशीनची पद्धतच बायोटिनवर चालते, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की मशीन फसतं. टेस्टोस्टेरॉन आणि एस्ट्राडिओल खोटं जास्त दिसू शकतं, थायरॉइडचं टीएसएच, अंडाशय-वृषणांना मेंदूकडून ऑर्डर देणारी एलएच आणि एफएसएच, आणि प्रोलॅक्टिन खोटं कमी. टेस्टच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा. आमच्यातल्या अर्ध्या पोरांना टक्कल पडायची भीती, त्यामुळे गमी घरोघरी.

ज्या मैत्रिणी अजून मेडिकलवरून माला-डी किंवा तसल्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात, कोणी मोठ्यांनी सांगितलं म्हणून, त्यांच्यासाठी. त्या गोळीत एथिनिल एस्ट्राडिओल असतं, आणि रक्ततपासणीतलं एस्ट्राडिओल हे ते नाही. म्हणजे तुम्ही दिवसाला चार गोळ्या खाल्ल्या तरी रिपोर्टवर आकडा कमीच दिसणार, तुम्हाला वाटणार औषध लागू पडत नाही, तुम्ही पाचवी घेणार, आणि गुठळीचा धोका मात्र प्रत्येक गोळीबरोबर वाढत जाणार. मी कोणाला ओरडत नाही, दहा वर्षांपूर्वी इथे दुसरं होतं तरी काय. पण एंडोकडे जाऊन एस्ट्राडिओल व्हॅलेरेट किंवा जेलवर या, मग निदान मोजता तरी येईल. लाजू नका, काय घेत होतात ते खरं सांगा, गोळीचं पाकीटच घेऊन जा.

गुठळी झालीय का हे या रुटीन रिपोर्टमधून कळत नाही, हेही लक्षात असू द्या. एका पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर रिपोर्ट बघत बसू नका, १०८ लावा नाहीतर जवळचं हॉस्पिटल गाठा, आणि हॉर्मोन घेतो किंवा घेते हे पहिल्या वाक्यात सांगा.

बाकीचं पटापट. एलएच, एफएसएच खूप खाली असणं म्हणजे तुमचं शरीर आपल्या जुन्या कारखान्याला ऑर्डर देत नाहीये, बहुतेकदा तेच हवं असतं. अंडाशय किंवा वृषण काढायचं ऑपरेशन झालेल्यांचं एलएच वर असेल तर औषध कमी पडतंय का ते विचारा, हाडांसाठी ते महत्त्वाचं. थायरॉइड करताना तोंडानं एस्ट्रोजेन घेत असाल तर टोटल टी-फोर जास्त दिसू शकतं, टीएसएच आणि फ्री टी-फोर बघायला सांगा. लिव्हरचं एसजीपीटी थोडं वर आलं तर आधी आठवा परवा कुठे बसला होतात, द्राक्षाच्या गावात राहतो आपण. लिपिड आणि शुगरसाठी उपाशीपोटी जावं लागतं, नुसत्या हॉर्मोनसाठी नाही, पण सगळं एकदमच करता म्हणून सकाळी जाणंच बरं. निफाडच्या थंडीत नस सापडत नाही, आधी हात चोळून गरम करा आणि पाणी पिऊन जा, पाण्यानं उपास मोडत नाही.

किती वेळा करायचं? पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा-दोनदा. शक्यतो एकाच लॅबमध्ये, कारण दोन लॅबची मशीनं वेगळी असतात आणि एकच रक्त दिलं तरी आकडे थोडे वेगळे येतात. नाशिक रोडला एकदा, कॉलेज रोडला एकदा असं ऑफर बघून फिरू नका. खूप कमी टेस्टोस्टेरॉन मोजायला साधं मशीन तितकं भरवशाचं नसतं, आकडा तुमच्या तब्येतीशी अजिबात जुळत नसेल तर डॉक्टरला एलसी-एमएस नावाच्या जास्त अचूक पद्धतीनं करायचं का ते विचारा, त्याचं सॅम्पल बहुतेक बाहेरगावी जातं आणि रिपोर्टला दिवस लागतात.

मी एक साधा कागद ठेवतो, प्रत्येक रिपोर्टला टाचलेला. त्यावर तारीख, औषध आणि डोस, शेवटचा डोस कधी, रक्त कधी दिलं, मधे किती तास किंवा दिवस गेले, बाकी काय गोळ्या चालू, झोप कशी, मूड कसा, पाळी, केस, छाती, जे काय असेल ते. डॉक्टरकडे दहा मिनिटं मिळतात, त्यात हा कागद आधी द्यायचा आणि मग पीडीएफ. आणि आकडा कसाही आला तरी घरी बसून गोळी वाढवायची किंवा इंजेक्शन पुढे ढकलायचं नाही, माझा तो एक महिना आठवा.

सिन्नरवालीनं तीन महिन्यांनी परत टेस्ट केली, या वेळी आदल्या दिवशी नाशिक रोडला माझ्याच घरी राहिली, सकाळची गोळी पर्समध्ये ठेवून लॅबला गेली आणि रक्त दिल्यावर तिथेच बाकावर बसून घेतली. एस्ट्राडिओल १४८, पोटॅशियम ४.४. या वेळचा मेसेज दुपारी आला, "दादा एकच लाल आहे, व्हिटॅमिन डी." मी म्हटलं ते माझंही लाल आहे, माझ्या आईचंही आहे, बहुतेक तुझ्या लॅबवाल्याचंही असेल, डॉक्टरांना विचार आणि सकाळी जरा गच्चीवर जात जा.